लाखामागे सव्वीस

देवळाली कॅम्पात लॅम रोडने संध्याकाळी फिरायला निघालं की जुन्या पारशी बंगल्यांची फाटकं लागतात. मुंबईची दमट हवा सोसेनाशी झाली की हवापालटासाठी देवळाली गाठायची, हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पाणी, ऊन, बाजारातली मेथी-कोथिंबीर यांत पारशी आणि शेजारी असा भेद नसतो. तरीही या लहानशा समाजाच्या प्रकृतीचा एक आकडा गेली साडेतीन दशकं न्यूरॉलॉजिस्ट मंडळींना अडवून बसला आहे.

तो आकडा आहे लाखामागे सव्वीस. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह मुंबई-पुण्यातल्या पारशांची पाहणी केली आणि १९९० साली ती ‘अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे ‘एमएस’चं, प्रमाण पारशांमध्ये लाखामागे सुमारे २६ निघालं. त्या काळी बाकीच्या भारतीयांबद्दलचा अंदाज होता लाखामागे एक-दीडचा.

या तुलनेत कच्चे दुवे आहेत. बाकीच्यांचा अंदाज रुग्णालयांच्या नोंदींवरून बांधलेला होता आणि तेव्हा एमआरआय यंत्रं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. कितीतरी रुग्ण निदानाविनाच राहिले असणार. २०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी भरले ५७,२६४. एवढ्या लहान समाजात चार रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी प्रमाण हलतं. शिवाय शिक्षण, ऐसपैस घरं, लग्नाचं वय या बाबतींतही हा समाज वेगळा. एवढं सगळं वजा केलं तरी फरक पुसला जात नाही.

एमएस म्हणजे काय, हे पॅरिसच्या झां-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये नीट मांडलं. मेंदू, पाठीचा मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. एमएसमध्ये शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी रक्तातून मेंदूत शिरतात आणि हे आवरण ठिकठिकाणी कुरतडतात. संदेश अडखळतो. एका डोळ्याला धुरकट दिसतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. काही आठवड्यांत बरं वाटतं आणि वर्षभराने दुसऱ्याच जागी काही तरी बिघडतं. रुग्ण बहुधा विशी ते चाळिशीतले, आणि पुरुषांपेक्षा बायका दुपटीहून जास्त. २०२० च्या जागतिक मोजणीनुसार जगात असे २८ लाख लोक होते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये या रुग्णांची वेगळीच परीक्षा असते: अंगातली उष्णता वाढली की आवरण गेलेल्या नसा आणखी अडखळतात. श्रमाने दृष्टी तात्पुरती मंदावते, हे त्याच्याशी जुळणारं निरीक्षण जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं.

उलटा आरसा

पारशांचं उदाहरण सांगतं की परिसर एक असूनही वंश वेगळा असला तर आजाराचं प्रमाण बदलतं. याचा नेमका उलटा प्रयोग ब्रिटनमध्ये आपोआप घडला. भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्या पहिल्या पिढीत एमएस विरळा होता. त्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा अभ्यास मार्टा एलियन, जेफ्री डीन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच प्रसिद्ध केला, आणि या मुलांमध्ये प्रमाण आईवडिलांपेक्षा पुष्कळ वर, स्थानिक ब्रिटिशांच्या जवळ सरकलेलं दिसलं. रक्त तेच; हवा, ऊन आणि लहानपणचे संसर्ग वेगळे. पुढे २०१७ मध्ये पूर्व लंडनची मोजणी आली. तिथे लाखामागे गोऱ्यांमध्ये १८०, कृष्णवर्णीयांमध्ये ७४ आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये २९ रुग्ण होते. म्हणजे लंडनची हवा लागूनही वंशाचा फरक पुरता मिटला नव्हता.

निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. थॉमसनची तीच काडी डॉगरिजच्या खुंटावर वेगळी चालते, स्वमुळावर वेगळी; आणि तोच खुंट चुनखडीच्या रानात आणखी वेगळा वागतो. द्राक्षाच्या बाबतीत काडी आणि जमीन यांची गाठ मुळाशी पडते. एमएसमध्ये वारसा आणि परिसर यांची गाठ कुठे पडते, याचं गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनातून आलेलं उत्तर आहे: रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये.

दुतोंड्या मारुतीची पातळी

एमएस हा आईकडून मुलाकडे सरळ उतरणारा आजार नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात साधारण पंचवीस ते तीस. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत पाचाच्या आसपास. संपूर्ण डीएनए सारखा असूनही तीन-चतुर्थांश जुळी भावंडं सुटतात. तेव्हा एखादं ‘एमएसचं जनुक’ सापडेल ही आशा सुरुवातीपासूनच फोल होती.

पहिला धागा १९७२-७३ मध्ये हाती लागला. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए या जनुकसमूहाचे काही प्रकार रुग्णांमध्ये जास्त आढळले. पुढची पस्तीस वर्षं त्यात ठाम भर पडली नाही, कारण बाकीच्या बदलांचा परिणाम इतका बारीक होता की शे-दोनशे रुग्णांत तो दिसणंच शक्य नव्हतं. म्हणून देशोदेशींच्या गटांनी नमुने एकत्र केले. २००७ मध्ये दोन नवी जनुकं निघाली. २०११ मध्ये १५ देशांतल्या ९,७७२ रुग्णांच्या अभ्यासातून ही संख्या पन्नासच्या पुढे गेली, २०१३ मध्ये ११० झाली. २०१९ मध्ये ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी लोकांची तुलना करून २३३ ठिकाणं नक्की झाली: ३२ एचएलएच्या परिसरात, २०० त्याबाहेर इतरत्र आणि एक ‘एक्स’ गुणसूत्रावर.

यांपैकी बहुतेक बदल धोका जेमतेम पाच-दहा टक्क्यांनी वाढवतात. गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर शहराची त्या दिवशीची चिंता ठरते. ते पाणी एका ओढ्याचं नसतं. ओढे, नाले आणि धरणाचा विसर्ग, सगळ्यांची थोडीथोडी भर पडते. २३३ बदलांचंही तसंच आहे. प्रत्येक माणसात त्यांतले पुष्कळसे असतातच; कुणात पाणी घोट्याशी राहतं, कुणात छातीपर्यंत चढतं.

हे बदल नेमके कुठे बसले आहेत, हा त्यातला सर्वांत बोलका भाग. फारच थोडे बदल प्रथिनाची घडण बदलतात. बाकीचे जनुकांच्या शेजारी, त्यांचं काम कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांत आहेत. गंगापूर धरणातलं पाणी तेच असतं. दार किती उघडलं, कधी उघडलं, यावर खाली रामकुंडावर काय दिसणार ते ठरतं. इथे तर दार प्रत्येक पेशीत निराळं उघडतं. डीएनएतल्या एकाच अक्षराच्या फरकाने टी या रोगप्रतिकारक पेशीत एखादं प्रथिन जास्त बनेल आणि बी पेशीत त्याला काहीच फरक पडणार नाही. ऑस्ट्रेलियात ९८२ दात्यांच्या रक्तातल्या साडेबारा लाखांहून अधिक पेशी एकेक करून वाचणारा प्रकल्प २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने हा पेशीनिहाय फरक चौदा प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये मांडून दाखवला.

आणि या पेशी कोणत्या? मज्जासंस्थेचा आजार म्हणून मेंदूच्या पेशी आधी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात २३३ ठिकाणांचा रोख टी पेशी, बी पेशी, नैसर्गिक मारक पेशी आणि डेन्ड्रायटिक पेशी यांच्याकडे आहे. मेंदूतल्या पेशींपैकी ठळकपणे दिसतो तो एकच प्रकार, मायक्रोग्लिया. आणि तीही मेंदूत मुक्काम ठोकून बसलेली रोगप्रतिकारक पेशीच.

पाच दारांची हकिगत

सर्वांत मोठं दार एचएलए-डीआरबी१*१५:०१. एचएलएची प्रथिनं म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं ताट. पेशीच्या आत कुटलेल्या प्रथिनांचे तुकडे त्यात मांडून टी पेशींना दाखवले जातात. ताटाचा आकार बदलला की कोणता तुकडा बसेल तेही बदलतं. १५:०१ असलेल्यांत एमएसचा धोका साधारण तिप्पट होतो, आणि एचएलए-ए*०२ असेल तर उलट घटतो. २००९ मध्ये या जनुकाच्या तोंडाशीच ‘ड’ जीवनसत्त्वाचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश टिपणारं प्रथिन, बसण्याची जागा सापडली. म्हणजे उन्हाचा मागमूस आणि वारशाचं सर्वांत मोठं दार एकाच बिजागरीवर. ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणारं सीवायपी२७बी१ हे जनुकही एमएसच्या यादीत आहेच. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे, ऊन मुबलक. तरी बंद खोल्यांत दिवस काढणाऱ्या शहरी भारतीयांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते.

दुसरं दार आयएल७आर. टी पेशींना जगायला आणि वाढायला लागणाऱ्या संदेशाचा हा रिसेप्टर. जनुकाची प्रत तयार होताना मधला एक तुकडा गळतो आणि रिसेप्टर पेशीला चिकटण्याऐवजी रक्तात सुटा फिरतो. २००७ मध्ये सापडलेला बदल या गळतीचं प्रमाण वाढवतो. त्याच वर्षी सापडलेलं आयएल२आरए हे जनुक टी पेशींच्या दुसऱ्या रिसेप्टरचं आहे. त्यावर नेम धरणारं डॅक्लिझुमॅब हे औषध २०१६ मध्ये मंजूर झालं. यकृताच्या आणि मेंदूदाहाच्या गंभीर तक्रारींमुळे मार्च २०१८ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. दार ओळखीचं असलं म्हणून ते बंद केल्यावर पाणी कुठे फुटेल हे सांगता येत नाही, याचा हा महागडा धडा.

तिसरी हकिगत जवळजवळ रहस्यकथाच आहे. टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू. तो अडवणारी औषधं संधिवातावर रामबाण ठरली, तेव्हा एमएसवरही ती चालतील असं सगळ्यांना वाटलं. लेनरसेप्ट नावाच्या औषधाची चाचणी झाली आणि १९९९ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांना आजाराचे झटके जास्त आले. असं का, याचं उत्तर तेरा वर्षांनी जनुकांनी दिलं. टीएनएफचा पहिला रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकातला एक बदल त्या रिसेप्टरची खुडलेली आवृत्ती तयार करतो. ती पेशीबाहेर पडून टीएनएफला शोषून घेते, म्हणजे नेमकं त्या औषधासारखंच वागते. हा बदल एमएसचा धोका वाढवतो, संधिवाताचा नाही. निसर्गाने चाचणी आधीच घेऊन ठेवली होती. निकाल २०१२ मध्ये वाचला गेला. आज संधिवाताचे डॉक्टर टीएनएफरोधक औषध देण्याआधी घरात कुणाला एमएस आहे का, हे विचारून घेतात.

चौथं दार बी पेशींचं, आणि ते इटलीच्या सार्डिनिया बेटावर सापडलं. या बेटावर एमएसचं प्रमाण फार जास्त. २०१७ मध्ये कळलं की बीएएफएफ हे बी पेशींना पोसणारं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात इथल्या अनेकांत एक बदल आहे. त्यामुळे हे प्रथिन जास्त बनतं, बी पेशी आणि प्रतिपिंडं वाढतात. असा बदल इतका का पसरला? सार्डिनियात १९५० पर्यंत मलेरियाचं थैमान होतं, आणि जास्त प्रतिपिंडं असलेले लोक त्यातून तगले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे. मलेरिया गेला, दार उघडंच राहिलं.

बी पेशींचं महत्त्व औषधांनीही पटवलं. बी पेशी संपवणाऱ्या रिटुक्सिमॅबची चाचणी २००८ मध्ये यशस्वी झाली, त्याच जातीचं ऑक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ मध्येच आणली होती. ती मुळात कर्करोगासाठी असली तरी स्वस्त असल्याने इथले न्यूरॉलॉजिस्ट एमएससाठी तिचा आधार घेतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी रिटुक्सिमॅबचा समावेश केला. एपस्टाइन-बार विषाणू लपून राहतो तोही बी पेशींतच. २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कोटभर जवानांच्या नोंदींमधून ८०१ रुग्ण शोधून काढले गेले; या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढल्याचं त्यांच्या साठवलेल्या रक्तावरून दिसलं. भारतात हा विषाणू बहुतेकांना तान्ह्या वयातच, लक्षणांविना गाठतो. पाश्चात्त्य देशांत अनेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो, आणि त्या वयात आलेला ग्रंथींचा ताप एमएसचा धोका वाढवतो. ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलांच्या कोड्याचा एक तुकडा इथे बसत असावा.

पाचवं दार भारतीयांनी विशेष लक्ष द्यावं असं. टीवायके२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल आई-वडील दोघांकडून मिळाला तर एमएसपासून चांगलं संरक्षण मिळतं, कारण पेशीतले दाहाचे संदेश मंदावतात. पण २०१८ मध्ये दिसलं की अशा लोकांना क्षयरोग सहज गाठतो. प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून तर २०२१ मध्ये असं निघालं की गेल्या दोन हजार वर्षांत युरोपात हा बदल झपाट्याने घटला. क्षयाने तो वेचून काढला. याच प्रथिनाला मंदावणारी गोळी सोरायसिससाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. क्षयाचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशात अशी गोळी लिहून देताना डॉक्टरचा हात जरा थबकणारच.

नकाशा कुणाच्या रक्ताचा?

वरचे जवळजवळ सगळे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने त्यांचं मूळही दाखवलं. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यातले यामनाया पशुपालक सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी युरोपात शिरले आणि १५:०१ सह एमएसचा बराचसा जनुकीय धोका त्यांच्याबरोबर आला. ढोरांबरोबर राहताना येणाऱ्या संसर्गांशी झुंजायला तो उपयोगी पडला असावा. त्याच गवताळ पट्ट्याच्या वारशाचा एक प्रवाह पुढे भारतातही आला. पण इथे डीआरबी१*१५ च्या कुटुंबातलं १५:०२ हे भावंडही बऱ्याच जणांत आढळतं. एका आकड्याचा फरक, आणि ताट वेगळं.

मुंबईत हे काम जुनं आहे. डॉ. वाडियांच्या गटाने भारतीय रुग्णांचे एचएलए प्रकार १९८१ मध्येच प्रसिद्ध केले होते. २००३ मध्ये डॉ. भीमसेन सिंघल आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या रुग्णांत डीआरबी१*१५ चा संबंध दाखवला. मंगळूरच्या डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने २०१४ मध्ये शहरातलं प्रमाण लाखामागे सुमारे आठ काढलं; जुना एक-दीडचा अंदाज किती तोकडा होता, हे त्यातून दिसतं. त्याच गटाने युरोपातले जनुकीय बदल भारतीय रुग्णांत तपासले आणि बहुतेकांचा कल त्याच दिशेने असल्याचं २०१६ मध्ये मांडलं. तेव्हा दारं बहुधा तीच आहेत. ती किती जणांत आणि किती उघडी आहेत, यात फरक.

पारशांचा वारसाही आता उलगडला आहे. २०१७ च्या जनुकीय अभ्यासात त्यांचं पितृकुळ इराणकडचं आणि मातृकुळातला मोठा वाटा भारतीय निघाला. संशोधकांनी शोधनिबंधाला नाव दिलं ते संजाणला उतरलेल्या पारशांच्या जुन्या दंतकथेवरून, दुधात साखर.

या चित्राला एक मोठी मर्यादा आहे. रोगप्रतिकारक पेशींतले बदल आजार होईल का हे सांगतात. तो किती भरभर वाढेल हे नाही. २०२३ मध्ये २२ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून तीव्रतेशी जोडलेला पहिला बदल सापडला. तो दोन्ही बाजूंकडून आलेल्या रुग्णांना काठीची गरज सुमारे पावणेचार वर्षं आधी लागली. हा बदल मात्र पांढऱ्या पेशींशी नव्हे, मेंदूच्या ऊतींशी निगडित आहे. आजाराची ठिणगी रक्तात पडत असली, तरी त्याची धग सोसण्याची ताकद मेंदूवर अवलंबून दिसते.

नाशिकच्या रुग्णाला आज याचा थेट लाभ थोडाच. निदानासाठी जनुकचाचणी लागत नाही. एमआरआय, पाठीतलं पाणी आणि अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रतिपिंडाची तपासणी जास्त मोलाची. ते प्रतिपिंड निघालं तर आजार एमएस नसून त्याचा चुलता, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, असतो आणि एमएसची काही औषधं त्याला घातक ठरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश झाल्याने दाखल्याचा मार्ग खुला झाला.

संशोधनाचा पुढचा टप्पा मात्र इथल्याच रक्तावर अवलंबून आहे. भारतासह पाच आशियाई देशांतल्या ६१९ निरोगी दात्यांच्या साडेबारा लाखांवर रोगप्रतिकारक पेशींचा नकाशा २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये आला आणि वंशागणिक पेशींचं प्रमाण व वागणं बदलतं हे त्यात दिसलं. तसाच नकाशा एमएसच्या रुग्णांचा आणि पारशांसारख्या समाजांचा हवा. अडचण साधी, वाहतुकीची आहे. डीएनएचा नमुना कुरिअरनेही जातो, आठवडाभर टिकतो. जिवंत पांढऱ्या पेशींचं तसं नाही: रक्त काढल्यापासून शक्यतो काही तासांत त्या वेगळ्या करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवाव्या लागतात, नाहीतर नळीतच त्यांचं वागणं बदलू लागतं. म्हसरूळला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून उभं आहे. देवळालीत सकाळी आठला काढलेली नळी तिथे तासाभरात पोचू शकते. मुंबईला पाठवायची तर ती कसारा घाट उतरून, ठाण्याची कोंडी ओलांडून दुपारी कधीतरी पोचेल.